चीनांशुकापलीकडचा चीन

गेल्या वर्षीं आषाढांत आमच्या घरांत एक लहानसें वादळ झालें. धाकट्या बंधूंची कन्या संस्कृत घेऊन बी. ए. झाली, आणि निकालाचे पेढे संपतात न संपतात तोंच तिनें दिल्लीस जाऊन चिनी भाषा व चीनचा इतिहास शिकण्याचा आपला मनोदय वडील मंडळींपुढें मांडला. बंधूंना प्रथम ती थट्टाच वाटली. तिच्या आईस दिल्लीच्या थंडीची काळजी पडली. आमच्या मातोश्रींनीं १९६२ सालीं, लग्न होऊन फार दिवस झाले नसतां, हातांतल्या दोन बांगड्या काढून संरक्षणनिधीस दिल्या होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, “त्या लोकांची भाषा आपल्या मुलीनें कशाला शिकायची?”

खर्चाचा अर्धा भार आम्हीं उचलावयाचा असल्यामुळें निवाडा आमच्याकडे आला. तो आम्हीं मोठ्या उदार मनानें दिला, असें निदान त्या दिवशीं आम्हांस वाटलें. आम्ही म्हणालों, “खुशाल जा. मात्र एक अट आहे. आपले कितीतरी संस्कृत ग्रंथ मूळ रूपांत नाहींसे झाले आणि चिनी भाषांतरांत तेवढे उरले. ते सोडवून आण.”

“आणीन कीं, काका,” ती म्हणाली. “पण मी तिकडे फक्त आपलें सामान परत आणायला चाललें आहें का?”

या प्रश्नावर आम्ही गप्प झालों. शिक्षकाचा जन्म गेल्यामुळें मुलांच्या प्रश्नांना तत्काळ उत्तर देण्याची खोड आम्हांस आहे. परंतु हा प्रश्न सुपारी दातांत अडकावी तसा अडकून बसला. पुढें वर्षभर तिच्या अभ्यासक्रमांतील जीं पुस्तकें आमच्या कुवतीचीं होतीं तीं आम्हीं वाचून काढलीं. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम आमच्या अटीची बाजू सांगणें न्यायाचें होईल, कारण ती अगदींच खुळी नव्हती. अश्वघोषाचें ‘बुद्धचरित’ अठ्ठावीस सर्गांचें. संस्कृतांत आज त्याचा सुमारें निम्माच भाग मिळतो, तिबेटी व चिनी भाषांतरांत मात्र काव्य शेवटपर्यंत आहे. अशा ग्रंथांच्या शोधासाठीं चिनी शिकणाऱ्या पंडितांत आपलीं महाराष्ट्रीय माणसें आघाडीवर होतीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राध्यापक पु. वि. बापट यांनीं ‘विमुत्तिमग्ग’ हा केवळ चिनी भाषांतराच्या रूपानें अखंड उरलेला ग्रंथ पालि ‘विसुद्धिमग्गा’शीं ताडून १९३७ सालीं पुण्यास आपला प्रबंध प्रसिद्ध केला. विनयपिटकावरील अट्ठकथेच्या चिनी अवताराचें इंग्रजी भाषांतर त्यांनीं हिराकावा या जपानी विद्वानाबरोबर केलें, तें भांडारकर संस्थेनें १९७० सालीं छापलें. त्यांचे सहकारी वा. वि. गोखले यांनीं जर्मनींत राहून चिनी व तिबेटी ग्रंथांवर काम केलें. याच परंपरेचा अभिमान आमच्या अटीच्या मुळाशीं होता.

पण पुतणीच्या प्रश्नानें आम्हांस दुसरी एक गोष्ट पाहावयास लावली. आपल्या सबंध संस्कृत वाङ्मयांत चीनविषयीं काय आहे? महाभारतांत चीन या लोकांचें नांव येतें. कौटिल्यानें चिनी रेशमी वस्त्राचा उल्लेख केला आहे. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त पहिल्या अंकाच्या शेवटीं ध्वजाचें चीनांशुक वाऱ्याच्या उलट फडफडतें. म्हणजे आपल्या पूर्वजांस चीनचें कापड चांगलें परिचयाचें होतें. तें विणणारीं माणसें कोण, त्यांची घरें कशीं, राजा कसा, हें कोणींहि लिहून ठेवलें नाहीं.

याच्या उलट ह्युएनत्संग पाहावा. त्यानें केलेलें महाराष्ट्राचें वर्णन आपण सर्वांनीं शाळेंत वाचलें आहे. येथील लोक मानी, उपकार न विसरणारे, अपमान झाला तर सूड घेणारे, पण सूड घेण्यापूर्वीं शत्रूस सूचना देणारे. आणि राजा पुलकेशी. हें आम्हीं वर्गांत कितीदां तरी छाती फुगवून शिकविलें. परंतु तें कोणासाठीं लिहिलें गेलें, हें मुलांना सांगण्याचें आम्हांस कधीं सुचलें नाहीं. ह्युएनत्संग ६४५ सालीं ६५७ ग्रंथ घेऊन स्वदेशीं परतला. पश्चिमेकडील देशांची माहिती त्याच्या सम्राटास हवी होती. त्या सम्राटाच्या इच्छेनें त्यानें आपला प्रवासग्रंथ तयार केला, आणि तो ६४६ सालीं पुरा झाला. शेजारी कसा आहे हें जाणण्याची इच्छा एका राजास झाली, म्हणून आपल्या पुलकेशीचा दरबार आपणांस दिसतो.

आपल्याकडून तिकडे कोणी गेलें नाहीं असें मात्र नव्हे. उज्जयिनीचा परमार्थ ५४६ सालीं समुद्रमार्गें चीनला पोंचला. राज्यें उलथत होतीं, आश्रयदाते बदलत होते, आणि हा गृहस्थ गांवोगांव फिरत भाषांतरें करीत होता. एकदां कंटाळून तो परतीच्या जहाजावर चढलाहि. पण वाऱ्यानें जहाज पुन्हा चीनच्याच किनाऱ्यास आणून सोडलें. तेथेंच ५६९ सालीं त्याचा अंत झाला. तेवीस वर्षें! त्यानें जें शिकविलें तें चिनी भाषेंत सांभाळलेलें आहे. त्यानें जें पाहिलें त्याची एक ओळहि आपल्याकडे आली नाहीं. तो परतला असता तर त्यानें असा ग्रंथ लिहिला असता का? आमच्या मनाला तसें वाटत नाहीं. आपले पंडित तेथें गुरु म्हणून गेले, आणि गुरूस शिष्याच्या घरचें काय शिकावयाचें असतें, ही समजूत आपल्यांत फार जुनी आहे. आमची अटहि त्याच समजुतींतून निघाली होती.

असो. आतां त्या अभ्यासाकडे वळूं.

पहिला डोंगर भाषेचा. चिनी भाषेंत स्वर बदलला कीं अर्थ बदलतो. ‘मा’ हें एकच अक्षर चार प्रकारच्या स्वरांनीं उच्चारलें असतां आई, ताग, घोडा आणि शिवी देणें असे चार अर्थ होतात. वेदपठण ऐकलेल्या घरांत याचें नवल वाटूं नये. एका स्वराच्या चुकीनें ‘इंद्रशत्रु’ शब्दाचा अर्थ फिरला आणि यजमानच बुडाला, ही कथा आपल्या मुलांना आजहि सांगतात. लिपीची गोष्ट निराळी. तिच्यांत वर्णमालाच नाहीं. १७१६ सालीं खांग-शी सम्राटाच्या आज्ञेनें झालेल्या कोशांत सत्तेचाळीस हजारांवर अक्षरें आहेत, आणि तीं २१४ मूळ घटकांखालीं लाविलीं आहेत. सुदैवानें वर्तमानपत्र वाचावयास सुमारें तीन हजार पुरतात. १९५६ पासून चीनमध्यें पुष्कळ अक्षरांचें रूप सोपें करण्यांत आलें. तैवानांत व हांगकांगांत जुनींच चालतात, त्यामुळें खऱ्या अभ्यासकास दोन्हीं शिकावीं लागतात. दिवाळीच्या सुटींत पुतणीनें घरच्या मुलांना कांहीं अक्षरें काढून दाखविलीं. शेत आणि बळ मिळून पुरुष. छपराखालीं स्त्री म्हणजे शांति. छपराखालीं डुक्कर म्हणजे घर. मातोश्री देवघरांतून ऐकत होत्या. “घरांत डुक्कर!” असें म्हणून त्यांनीं आचमनाची पळी खालीं ठेवली ती त्या दिवशीं बराच वेळ उचलली नाहीं.

त्यापुढें आणखी एक अडचण आहे, आणि ती संस्कृत जाणणारास लवकर कळेल. जुने चिनी ग्रंथ ज्या भाषेंत आहेत ती आजच्या बोलींहून फार भिन्न आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुशिक्षित चिनी मनुष्य एका भाषेंत बोले आणि दुसरींत लिही. १९१७ च्या सुमारास हू शी, छन तू-श्यू आदि तरुण प्राध्यापकांनीं बोलभाषेंत लिहिण्याची चळवळ उभारली, १९१८ सालीं लू शुन यानें तींत आपली पहिली प्रसिद्ध कथा लिहिली, आणि १९२० सालीं सरकारनें प्राथमिक शाळांचीं पुस्तकें बोलभाषेंत करण्याचा हुकूम काढला. दोन हजार वर्षांची लेखनभाषा अशी एका पिढींत बाजूस झाली. तो निर्णय योग्य होता हें आम्हांस पटतें. तरीहि संस्कृताच्या शिक्षकाच्या पोटांत तें वाचून थोडें कालवलें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

इतिहासाच्या बाबतींत मात्र आपण या शेजाऱ्यापुढें मान खालीं घालावी. सिमा छ्येन हा ख्रिस्तपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांतला राजदरबारचा अधिकारी. त्याच्या पित्यानें आरंभिलेला इतिहास पुरा करण्याचें वचन त्यानें पित्याच्या मरणशय्येपाशीं दिलें होतें. पुढें हूणांशीं झालेल्या युद्धांत एक सेनापति शत्रूस शरण गेला. सारा दरबार त्याच्यावर तुटून पडला असतां सिमा छ्येन त्याच्या बाजूनें बोलला. सम्राट कोपला. शिक्षा झाली ती पुरुषत्वहरणाची. अशा वेळीं कुलवान मनुष्यानें प्राणत्याग करावा, हा तेथील संकेत होता. त्यानें ती विटंबना पत्करली आणि तो जगला, कारण ग्रंथ अपुरा होता. त्या ग्रंथाचे १३० अध्याय आज उपलब्ध आहेत. सम्राटांबरोबरच त्यांत व्यापारी, मारेकरी, विदूषक यांचींहि चरित्रें आहेत.

त्यांतील शांग घराण्याच्या राजांची यादी अर्वाचीन पंडितांस कल्पित वाटूं लागली होती, कारण तें घराणें सिमा छ्येनच्याहि आधीं हजार वर्षें होऊन गेलेलें. मग १८९९ सालीं, वैद्यांच्या दुकानांत ‘ड्रॅगनचीं हाडें’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तुकड्यांवर प्राचीन अक्षरें आहेत असें लक्षांत आलें. तीं आनयांगजवळच्या जुन्या राजधानींतून निघत होतीं. राजे शकुन पाहण्यासाठीं बैलांच्या हाडांवर व कासवांच्या कवचांवर प्रश्न कोरवीत. १९१७ सालीं वांग क्वो-वेइ यानें त्या हाडांवरचीं राजांचीं नांवें सिमा छ्येनच्या यादीशीं ताडून पाहिलीं, आणि थोड्या चुका सोडल्यास यादी खरी ठरली! आपल्या पुराणांतील वंशावळींस अशी साक्ष मिळावी, म्हणून आपले विद्वान किती आसुसलेले असतात!

परीक्षेची हकीकत तर आपल्या घरांत मोठ्यानें वाचण्यासारखी आहे. राज्याचे अधिकारी लेखी परीक्षेनें निवडण्याची पद्धति तेथें सातव्या शतकाच्या आरंभीं सुरू झाली ती १९०५ पर्यंत चालली. नानकिंगच्या परीक्षागृहांत वीस हजारांवर कोठड्या होत्या. एका कोठडींत एक उमेदवार. एकेका सत्रासाठीं तो तेथेंच लिही, तेथेंच जेवी, तेथेंच निजे. हीन मानलेले कांहीं वर्ग वगळले तर कोणाहि पुरुषास परीक्षेस बसतां येई. स्त्रियांस दार बंदच होतें, आणि गरिबाच्या मुलाला वीस वर्षें पाठांतर करण्यास पोसणार कोण, हा प्रश्न होताच. तरी पण विद्येचा अधिकार उत्तरपत्रिका पाहून ठरवावा, हें तत्त्व त्यांनीं तेराशें वर्षें मानलें. आपल्या आळीच्या पाठशाळेचें दार कशावर उघडत होतें, तें आपण जाणतों. १९०५ सालीं परीक्षा बंद झाली, तेव्हां पिढ्यान् पिढ्या पोथ्या पाठ करणाऱ्या घराण्यांची विद्या एका हुकुमानें निरुपयोगी झाली. दक्षिणा बंद होऊन इंग्रजी आली, त्या वेळच्या आपल्या घरांतील गोष्टी ज्यांनीं आजोबांच्या तोंडून ऐकल्या आहेत, त्यांना ही हकीकत परकी वाटणार नाहीं.

समाजाकडे आलों म्हणजे तर आपलेपणा पावलोपावलीं भेटतो. एका आडनांवाच्या स्त्रीपुरुषांनीं विवाह करूं नये, असा निर्बंध थांग घराण्याच्या कायद्यांत होता. आपला सगोत्रविवाहाचा निषेध आठवावा. सुतकाचे पांच दर्जे, आणि प्रत्येकाचें वस्त्र निराळें. आईबाप वारल्यास सत्तावीस महिने सुतक, आणि तेवढा काळ सरकारी अधिकाऱ्यानें पद सोडून घरीं बसावयाचें. नात्यांचे शब्द तर आपल्याहूनहि बारीक. थोरला भाऊ वेगळा, धाकटा वेगळा; बापाचा थोरला भाऊ ‘बोबो’, धाकटा ‘शुशु’. हा दुसरा शब्द ऐकून आमच्या घरांतील मुलांस हसूं आवरेना. कारण सांगावयास नको. बाई इरावती कर्वे यांचा भारतांतील नातेसंबंधांवरचा १९५३ चा ग्रंथ ज्यांनीं वाचला आहे, त्यांनीं चिनी नात्यांचा तक्ता शेजारीं ठेवून पाहावा. एक दुपार कशी जाईल तें कळणार नाहीं.

परंतु समाज पाहण्याची विद्या तेथें किती महाग पडली, हें फेइ श्याओ-थुंग या समाजशास्त्रज्ञाच्या चरित्रावरून दिसतें. १९३५ सालीं तो व त्याची नवपरिणीत पत्नी क्वांगशी प्रांतांतील डोंगरी लोकांच्या पाहणीस गेलीं. अरण्यांत तो वाघासाठीं लावलेल्या सापळ्यांत सांपडून जबर जखमी झाला. पत्नी मदत आणावयास धांवली ती परत आली नाहीं. तिचें प्रेत पाण्यांत मिळालें. बरा होण्यासाठीं तो आपल्या बहिणीच्या कामाच्या गांवीं गेला. ताइ सरोवराजवळचें तें रेशीम पिकविणारें खेडें. तेथें बसल्या बसल्या त्यानें गांवची पाहणी केली, आणि तिच्यावरून लंडनमध्यें लिहिलेला त्याचा प्रबंध १९३९ सालीं पुस्तकरूपानें निघाला. कालिदासाच्या चीनांशुकाचे विणकर आम्हांस प्रथम भेटले ते या पुस्तकांत: कोश उकडून धागा काढणाऱ्या बाया, भाव पडल्यामुळें कर्जांत बुडालेलीं घरें, सहकारी कारखाना काढण्याची खटपट. दहाएक वर्षांनीं फेइनें लिहिलें कीं चिनी समाजाची घडण पाण्यांत दगड टाकल्यावर उठणाऱ्या वलयांसारखी आहे. प्रत्येक मनुष्य आपापल्या वलयांच्या मध्यें, आणि नातें जितकें दूरचें तितकें वलय फिकें. १९५२ सालीं नव्या राज्यकर्त्यांनीं विद्यापीठांतून समाजशास्त्र हा विषयच काढून टाकला. १९५७ सालीं फेइवर ‘उजवा’ असा शिक्का बसला. विषय पुन्हा सुरू झाला तो १९७९ सालीं.

मधल्या काळांत काय झालें, तें या अभ्यासकांस वाचावें लागतें आणि तें सोपें नाहीं. १९५९ ते १९६१ च्या दुष्काळांत कोट्यवधि माणसें मेलीं, आणि त्यास निसर्गापेक्षां राज्याचें धोरण अधिक कारण झालें. १९६६ पासून दहा वर्षें सांस्कृतिक क्रांतीच्या नांवाखालीं विद्यार्थ्यांनीं आपल्या शिक्षकांस चव्हाट्यावर उभें केलें. हीं पानें आम्ही एका बैठकींत वाचूं शकलों नाहीं. १९८० च्या सुमारास कुटुंबामागें एकच मूल असा नियम आला, तो २०१५ अखेरपर्यंत टिकला. वाचकांनीं क्षणभर विचार करावा: एकुलत्या मुलानें एकुलत्या मुलीशीं लग्न केलें, तर त्यांच्या बाळाला काका नाहीं, आत्या नाहीं, मामा नाहीं, मावशी नाहीं. कोशांत ते सर्व बारीक शब्द आहेत, आणि हांक मारावयास माणूस नाहीं. आपल्या घरांत पंगतीस वीस पानें मांडणाऱ्या माउल्यांना यांतलें दुःख समजावून सांगावें लागणार नाहीं.

मातोश्रींचा प्रश्न राहिला. १९६२ चा पराभव आमच्या पिढीनें वडिलांच्या मुद्रेवर वाचला आहे, आणि २०२० सालीं गलवानच्या खोऱ्यांत आपले वीस जवान धारातीर्थीं पडले ती जखम ताजी आहे. या गोष्टी विसरून चिनी कविता वाचाव्यात असें कोणीं म्हणूं नये. पण चीनकडे पाहण्यासाठीं आपणांपाशीं माणसें किती होतीं? १९३७ सालीं शांतिनिकेतनांत रवींद्रनाथांनीं चीनभवन उघडलें. १९४७ सालीं पेकिंग विद्यापीठांत जे थोडे भारतीय विद्यार्थी गेले, त्यांतील वसंतराव परांजपे पुढें नेहरू व माओ यांच्या भेटींत दुभाषी झाले. दिल्ली विद्यापीठांत चीनच्या अभ्यासाचें स्वतंत्र केंद्र निघालें तें १९६४ सालीं. युद्ध आधीं, अभ्यास मागून! ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ या नाटकाचे कर्ते गो. पु. देशपांडे जवाहरलाल नेहरू विद्यापीठांत याच विषयाचे प्राध्यापक होते. आपण नाटककार म्हणून त्यांस ओळखतों, पण ते रोज वर्गांत काय शिकवीत, याची चौकशी आपल्यापैकीं किती जणांनीं केली?

आणि हिशेब मांडावयाचा तर तो दोन्ही बाजूंचा मांडावा. इंग्रजांनीं १८३९ ते १८४२ पर्यंत चीनशीं जें अफूचें युद्ध केलें, तें आम्ही वर्गांत चार वाक्यांत आटपीत असूं. माळव्यांत पिकलेली अफू आपल्या मुंबई बंदरांतूनच जहाजांवर चढे, सर जमशेटजी जीजीभाई यांच्या संपत्तीचा मोठा वाटा चीनच्या अफू-कापसाच्या व्यापारांतून आलेला होता, हें आम्हीं मुलांना कधीं सांगितलें नाहीं. खरें म्हणजे आम्हांलाच तें ठाऊक नव्हतें.

यांतलें फारसें कांहीं मातोश्रींच्या पुढें बोलण्याचा प्रसंग आला नाहीं. पुतणीनें एका दुपारीं त्यांच्याजवळ बसून डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांची गोष्ट काढली. सोलापूरचा हा तरुण १९३८ सालीं पांच डॉक्टरांच्या पथकांतून चीनला गेला, भाषा शिकला, जपान्यांशीं लढणाऱ्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत राहिला, तेथेंच लग्न केलें, आणि १९४२ च्या डिसेंबरांत बत्तिसाव्या वर्षीं तेथेंच वारला. मुलाचें नांव ‘यिनह्वा’ ठेविलें होतें; यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. शांतारामबापूंचा चित्रपट मातोश्रींनीं पाहिलेला. “तो सोलापूरचा पोर तिकडलं बोलायला शिकला होता होय?” असें त्यांनीं दोनदां विचारलें. मग बांगड्यांची गोष्ट निघाली नाहीं. दिल्लीस नेण्यासाठीं मेतकूट कोणत्या डब्यांत भरावें, हा विषय निघाला.

आमची अट आम्हीं पत्रानें मागें घेतली आहे. संस्कृत ग्रंथ तिच्या वाटेंत आले तर तिनें अवश्य उचलावेत. न आले तरी तिच्या खर्चाचा आमचा वाटा चालू राहील. उलटटपालीं तिचें उत्तर आलें. त्यांत मायन्याच्या जागीं एक चिनी अक्षर दोनदां काढलेलें होतें, आणि खालीं देवनागरींत लिहिलें होतें, “तुम्ही बाबांहून थोरले, म्हणून शुशु नव्हे, बोबो.” मातोश्रींनीं तें अक्षर चष्मा लावून पाहिलें, आणि यांत कोठें डुक्कर नाहीं ना, एवढें विचारून घेतलें.